हेमचंद्राचं स्वित्झर्लंड

हेमचंद्र कारखानीस हा माणूस आयुष्यात एकदा चार दिवसांसाठी स्वित्झर्लंडला गेला, आणि तिथून तो अजून परत आलेला नाही. राहायला तो जपानात, तोक्योजवळच्या इचिकावात, आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर. पण तुम्ही त्याला काहीही दाखवा, पाव दाखवा, दूध दाखवा, वेळेवर आलेली गाडी दाखवा, तो किंचित हसणार, डोळे बारीक करणार आणि म्हणणार, "ठीक आहे. पण स्वित्झर्लंडला..."

झालं होतं असं, की पूर्वी कधीतरी कंपनीनं त्याला कसल्याशा ट्रेनिंगला झुरिकला पाठवलं होतं. ट्रेनिंग संपल्यावर तिथल्या लोकांनी त्याला स्कीइंगसाठी डोंगरातल्या एका शांत खेड्यात नेलं. तिथला एक फोटो त्याच्या दिवाणखान्यात, देवघराच्या अगदी शेजारी लावलेला आहे. लाकडी सज्जा, मागे बर्फाचा डोंगर, डोळ्यांवर गॉगल आणि खांद्यावर स्कीज. पायात स्कीज असलेला फोटो आहे का, असं मी पहिल्याच भेटीत विचारणार होते. पण तेवढ्यात त्याची बायको नयना चहा घेऊन आली आणि तिच्यासमोर त्याला उघडा पाडण्यात काही मजा वाटली नाही. तिला तो माझ्याआधी कितीतरी वर्षं माहीत होता.

मी आणि माझा नवरा सुशील दोन हजार बारामध्ये जपानला आलो. सुशील तोयोसुच्या एका आयटी कंपनीत, आणि मी पुण्यात जपानी शिकलेली असल्यामुळे इथं एका शाळेच्या ऑफिसात. पहिल्याच आठवड्यात हेमचंद्रानं आम्हाला जेवायला बोलावून जपान म्हणजे काय ते समजावून सांगितलं. दहा वर्षं तो इथं राहत होता. या दहा वर्षांत त्यानं जपानी भाषेतले नेमके तेवढेच शब्द कमावले होते, जेवढ्यांवर बिअर मागवता येते आणि धक्का लागल्यावर माफी मागता येते. बाकी सगळी बोलणी त्याची मुलगी ईश्वरी करायची. ती तीन वर्षांची असताना इथं आली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर जपानीतच देते, बापापुरतं तेवढं मोजकं मराठी बोलते. बँक, दवाखाना, घरमालक, गॅसवाला, सगळीकडे बापाच्या पुढे ही पोर उभी. बाप मागून इंग्रजीमराठी हुकूम सोडणार, पोर पुढे वाकून गोड जपानीत बोलणार.

कचऱ्याच्या बाबतीत त्याचं ज्ञान अगाध होतं. स्वित्झर्लंडमध्ये बाटल्या रंगावारी कशा वेगळ्या करतात, हे तो कुणालाही पंधरा मिनिटं सांगू शकायचा. त्याच्या घरचा कचरा मात्र रोज सकाळी नयना खाली आणायची. जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, असं ती लावत असताना माझी आणि तिची मैत्री झाली. ती जेवणाच्या डब्यांच्या एका कारखान्यात बाइतो करायची, म्हणजे अर्धवेळ काम. भाताच्या डब्यात खारवलेलं आलूबुखार ठेवत जायचं. त्या कचऱ्याच्या जाळीपाशीच तिनं मला अकरा सालच्या मार्चची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट हेमचंद्र जेवणाच्या टेबलावर वेगळ्या तऱ्हेनं सांगायचा. भूकंप झाला, लाटा आल्या, अणुभट्टीची बातमी आली, आणि हेड ऑफिसनं त्याला तातडीनं मुंबईला बोलावून घेतलं. "इमर्जन्सी कोऑर्डिनेशन, यू नो. कुणीतरी तिथून सूत्रं हलवायला हवी होती." नयनाच्या सांगण्यात सूत्रं नव्हती. त्या काळी देश सोडून परत यायचं तर पासपोर्टावर आधी शिक्का मारून घ्यावा लागे, नाहीतर व्हिसा गेला. स्वतःचा शिक्का हेमचंद्रानं वेळच्या वेळी मारून घेतला होता. बायको-मुलीचा संपला होता, आणि तो "बघू नंतर" म्हणत राहिला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो शिनागावाच्या इमिग्रेशन कचेरीत गेला. तिथली रांग इमारतीला वळसा घालून रस्त्यावर आलेली पाहिली. घरी आला, बॅग भरली आणि म्हणाला, "मी पुढे होतो, तुमची सोय करतो." मग गेला. मुंबईत आंब्यांचा मोसम संपल्यावर परत आला.

पळून जाण्याला माझी ना नाही. तेव्हा पुष्कळ लोक पळाले, आणि पोरंबाळं घेऊन पळाले त्यांना मी शहाणेच म्हणेन. पण बायकोला आणि अकरा वर्षांच्या मुलीला हलत्या इमारतीत ठेवून एकटा पळालेला माणूस मी हा एकच पाहिला. आणि वर तो मला सांगतो, की जपानी लोकांना कुटुंबाची किंमत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. दोन हजार तेराच्या शेवटी कंपनीनं कळवलं, की तोक्योचं ऑफिस वर्षभरात बंद होईल आणि माणसं मुंबईला परत बोलावली जातील. हेमचंद्राला परत जायचं नव्हतं. मुंबईत त्याला कुणी स्वित्झर्लंडबद्दल बोलू दिलं नसतं, तिथं ज्याच्या त्याच्याकडे आपापलं स्वित्झर्लंड असतं. पण त्याचं सोडा. खरा प्रश्न ईश्वरीचा होता. ती जपानी शाळेत आठवीत होती. देवनागरी तिला वाचता येत नव्हती, इंग्रजी जेमतेम. तिला उचलून मुंबईच्या नववीत बसवणं म्हणजे पोहणाऱ्या पोराला झाडावर चढायला सांगणं. नयना रात्री झोपत नव्हती, हे तिच्या तोंडावर दिसायचं. उपाय एकच होता, कायम वास्तव्याचा परवाना. दहा वर्षं झाली होती, कागद सगळे होते. नव्हता फक्त हमीदार. या माणसाची मी ग्वाही देतो, असं म्हणून शिक्का उमटवणारा एक जपानी माणूस हवा होता.

हेमचंद्रानं ऑफिसात एकेकाला विचारलं. प्रत्येकानं दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि "जरा..." एवढंच म्हणून वाक्य हवेत सोडून दिलं. जपानात कालपरवा आलेल्या माणसालाही कळतं, की याचा अर्थ नाही. हेमचंद्र घरी येऊन सांगायचा, "विचार करतायत. पॉझिटिव्ह आहेत." त्या ऑफिसातल्या प्रत्येकाला अकरा सालचा मार्च आठवत होता, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्याला कुवाबारा-सान आठवले. हे त्याचे जुने सेक्शन हेड. बारा साली निवृत्त झाले आणि नागानोच्या डोंगरात बायकोच्या गावी एक छोटंसं लॉज चालवू लागले. गावाचं नाव मी सांगत नाही, आम्ही त्या गावाला पुरेसा त्रास दिला आहे. निरोप समारंभात कुवाबारा-सान सगळ्यांना म्हणाले होते, "कधीतरी स्कीइंगला जरूर या." हेमचंद्रानं हे वाक्य जपून ठेवलं होतं.

आता मला सांगा, हा माणूस जन्मानं पुण्याचा. सदाशिव पेठेत वाढलेला. आमच्याकडे "पुढच्या वेळी जेवायलाच या" हे वाक्य दार लावता लावता म्हणतात. ते ऐकून दुसऱ्या रविवारी कुणी खरोखर जेवायला आला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. शिष्टाचाराचं आमंत्रण आणि खरं आमंत्रण यांतला फरक या माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळायला हवा होता. पण दुसऱ्याचं आमंत्रण असलं की पुणेकरालाही ते खरं वाटतं, हे मी तेव्हा शिकले.

जानेवारीतली तीन दिवसांची जोडसुट्टी त्यानं ठरवली. म्हणजे सबंध मोसमातली सगळ्यात गर्दीची. फोन अर्थातच ईश्वरीनं केला. ती मला नंतर म्हणाली, की पलीकडे कुवाबारा-सान बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "या." दुसरं काही म्हणायची पद्धतच नाही इथं.

आम्हाला त्यानं बरोबर घेतलं ते माझ्यासाठी. आधीच्या आठवड्यात तो खाली आला आणि सोफ्यावर बसून म्हणाला, "वहिनी, तुमचं जपानी जरा पॉलिश करून ठेवा. कुवाबारा-सानशी मी जे बोलीन ना, ते अगदी ऑनरिफिकमध्ये जायला हवं. इट्स अ डेलिकेट मॅटर."

"काय बोलणार आहात, भावजी?"

"हेच. की अकरा साली मला ड्यूटी म्हणून जावं लागलं. मन इथंच होतं."

"मग मला नाही जमायचं," मी म्हटलं. "इतकं आदराचं खोटं बोलण्याएवढं माझं जपानी चांगलं नाही."

सुशीलनं मला डोळ्यांनी दटावलं. हेमचंद्र मात्र मोठ्यानं हसला. आपल्याला कुणी खरंच टोचलं आहे हे त्याला कधीच कळत नाही, आणि असल्या माणसाला टोचून सुख लागत नाही. "हरकत नाही," तो म्हणाला, "घरचीच आहे की आमची. ईश्वरी करेल." ते ऐकून मला वाटलं, हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण सांगितलं नाही, आणि तोवर त्यानं बशीतला चिवडा संपवला होता.

शिनकानसेननं नागानो, तिथून बस. बसमधून बर्फाच्या भिंती दिसायला लागल्या तसा हेमचंद्र अस्वस्थ झाला. चांगलं काही दिसलं की तो अस्वस्थ होतो, कारण त्यात खोट काढायची जबाबदारी त्याच्यावर असते. "हे झाडांवरचं बर्फ बघा," तो म्हणाला, "फार आहे. तिकडे इतकं नसतं. प्रपोर्शन असतं." नयनानं त्याला तिखटमिठाची पुरी दिली, म्हणून पुढचं प्रपोर्शन राहिलं.

गाव खरोखर शांत होतं. दहाबारा घरं, एक देऊळ, बर्फाखाली गेलेली शेतं, आणि वरच्या अंगाला एक छोटा स्की-उतार. कुवाबारा-सान थांब्यावर फावडं घेऊन उभे होते. उंचीनं बुटके, कान लाल झालेले, कमरेत वाकून आम्हा पाचही जणांना एकेक करून नमस्कार करणारे. ईश्वरीला पाहिल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "मोठी झालीस," ते म्हणाले. ती हसली. इतक्या मोकळेपणानं हसताना मी तिला बापासमोर कधी पाहिलं नव्हतं.

लॉजला लाकडी सज्जा होता आणि दारावर गाईच्या गळ्यातली घंटा टांगलेली होती. हेमचंद्राला परमानंद झाला. "स्विस स्टाइल!" त्यानं घंटा तीनदा वाजवली. मग पिशवीतून भेट काढली. इथं कुणाकडे जाताना आपल्या भागातली काहीतरी खाण्याची वस्तू न्यायची पद्धत आहे. नयनानं आदल्या दिवशी खपून बेसनाचे लाडू केले होते. ते हेमचंद्रानं घरीच ठेवायला लावले होते, आणि स्टेशनावरच्या दुकानातून घेतलेलं स्विस चॉकलेट त्यानं कुवाबारा-सानच्या बायकोच्या हातात दिलं. भारतातला माणूस, इचिकावाहून येतो, नागानोत स्वित्झर्लंड देतो. त्या बाईनं ते कपाळापर्यंत उचललं आणि आत नेलं.

आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. हेमचंद्रानं आपली पाहून लगेच सांगितलं, की जरा लहान आहे. मला आमची खोली पाहून काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. भिंतीवरच्या खुंटीला चष्मा होता, कोपऱ्यात औषधांची डबी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा कळलं. मागच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी, कुवाबारा-सानची बायको दोन गाद्यांच्या घड्या घालत होती. लॉज महिनाभर आधीच भरलेलं होतं. त्यांनी स्वतःची झोपायची खोली आम्हाला दिली होती, आणि दुसरी बायकोच्या म्हाताऱ्या आईची होती, तिला शेजारी पाठवलं होतं. मी पाणी न पिताच परत आले. सुशीलला सांगितलं तर तो पांघरूण डोक्यावर घेऊन म्हणाला, "आता काय करायचं?" हेमचंद्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघा! याला म्हणतात हॉस्पिटॅलिटी. मीन्स ही रिस्पेक्ट्स मी."

त्या दिवशी आम्ही उतारावर गेलो. भाड्याचे बूट घालतानाच हेमचंद्रानं सुशीलचा क्लास घेतला. गुडघे कसे वाकवायचे, वजन कुठे टाकायचं, वळताना नजर कुठे ठेवायची. सुशील गरीब माणूस, मान हलवत होता. मग हेमचंद्र स्वतः उभा राहिला. जिथं पाचसहा वर्षांची पोरं शिकत होती तो उतार, म्हणजे आमच्या पर्वतीच्या पायरीएवढाही नाही. त्यावरून तो दोन वाव घसरला आणि खाली बसला. उठला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा बसला तो एका पिवळ्या टोपीच्या पोरावर. पोर उठून बर्फ झटकून गेलं, हेमचंद्र मात्र आडवाच. "बर्फ कच्चं आहे," तो पडल्या पडल्या म्हणाला. "पाय रुततो. तिकडचं कसं घट्ट असतं." ज्या बर्फासाठी जगभरचे लोक त्या डोंगरात येतात ते बर्फ कच्चं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण अंगणात आडवा पडून ती सिद्ध करणारा पहिल्यांदाच पाहिला.

ईश्वरी वरून आली. तिच्या शाळेची दरवर्षी स्कीइंगची सहल असायची. ती मोठ्या उतारावरून वळणं घेत, काहीही न बोलता, बापाच्या शेजारी येऊन थांबली आणि त्याला हात दिला. लिफ्टच्या खोपटाजवळ उभे असलेले कुवाबारा-सान टाळ्या वाजवत होते. "माझ्यावर गेलीय," हेमचंद्र म्हणाला. नयना माझ्या शेजारी उभी होती. ती हातमोज्यात तोंड धरून हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उत्तरा, हिला इथून कशी गं उपटू?" एवढंच म्हणाली. मी तिचा हात धरला.

संध्याकाळी जेवणं झाली. दुसरे पाहुणे गरम पाण्याच्या कुंडात आंघोळीला गेले आणि त्यांच्याबरोबर सुशीलही सटकला. अवघड प्रसंग दिसला की माझ्या नवऱ्याला आंघोळ आठवते. राहिलो आम्ही पाचजण, कोतात्सुभोवती. कोतात्सु म्हणजे बुटकं टेबल, त्याला खालून शेगडी आणि वरून रजई. पाय सगळ्यांचे एकाच उबेत, त्यामुळे कुणाला उठून जाता येत नाही. टेबलावर संत्र्यांची टोपली होती. कुवाबारा-सानची बायको भांडी आवरत होती, तिचा आवाज आतून येत होता.

हेमचंद्रानं घसा साफ केला. "ईश्वरी, सांग त्यांना. बाबांना एक महत्त्वाची रिक्वेस्ट करायची आहे. परमनंट रेसिडेन्सीसाठी तुम्ही माझे हमीदार व्हावं."

तिनं पाठ ताठ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सांगितलं. कुवाबारा-सान ऐकून घेत होते. दातांतून हवा ओढली नाही, मान तिरकी केली नाही. फक्त विचारलं, "वडिलांना आणखी काही सांगायचं आहे का?"

"सांग," हेमचंद्र म्हणाला, आणि त्याचा भाषणाचा सूर लागला. "सांग की जपान इज माय सेकंड होम. अकरा साली हेड ऑफिसची ऑर्डर होती म्हणून मला जावं लागलं, पण माझं मन इथंच होतं. आणि पुन्हा अशी वेळ आली तर हा हेमचंद्र कारखानीस इथून एक पाऊल हलणार नाही. तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा राहील. नीट सांग हं, सगळं सांग."

ईश्वरी थोडा वेळ संत्र्यांकडे पाहत राहिली. मग बोलली. सावकाश, अगदी शाळेत धडा वाचावा तशा स्वच्छ, आदबशीर जपानीत. मी इथं मराठीत लिहिते आहे, पण तिचा एकही शब्द माझा नाही.

"बाबा म्हणतात, की त्यांना हेड ऑफिसनं बोलावलं होतं. ते खरं नाही, आणि तुम्हाला ते माहीत आहे. तेव्हा आमच्याकडे पाणी घेऊन तुम्ही येत होता. बाबा म्हणतात, पुन्हा तसं झालं तर ते जाणार नाहीत." इथं ती जरा अडखळली. "ते जातील. ते फार भितात. पण आई आणि मी जाणार नाही. मला इथं राहायचं आहे. माझ्यासाठी शिक्का द्याल का?"

आणि ती कपाळ टेबलाला टेकेपर्यंत वाकली.

नयना संत्रं सोलत होती. तिचा हात थांबला नाही, फक्त सालीचा तुकडा फार लहान निघायला लागला. कारखान्यात बायकांशी रोज बोलून तिला सगळं जपानी समजत होतं. मलाही समजलं होतं. आतल्या भांड्यांचा आवाज बंद झाला होता. त्या घरात न समजलेला माणूस एकच होता, आणि तो मुलीचं कपाळ टेकलेलं पाहून समाधानानं मान डोलवत होता.

कुवाबारा-सान म्हणाले, "तू हे वडिलांना सांगितलं आहेस?"

"नाही."

"का?"

"सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल. आणि बदलणार तर काहीच नाही."

"काय म्हणतायत?" हेमचंद्रानं विचारलं.

"शाळेबद्दल विचारतायत," ईश्वरी म्हणाली.

"सांग, फर्स्ट क्लास चाललीय."

टेबलावरच्या कुवाबारा-सानच्या हाताला फावड्याचे घट्टे पडले होते. या म्हाताऱ्याला आम्ही त्याच्या गादीवरून उठवलं, त्याच्या सासूला घराबाहेर काढलं, चार वर्षं हाताखाली राहून ज्यानं त्याला एकदाही खरं सांगितलं नाही असा माणूस स्विस चॉकलेटसकट त्याच्या दाराशी आणला. मला वाटलं, आता नाही म्हणतील. म्हणायलाच हवं होतं. मी त्यांच्या जागी असते तर म्हटलं असतं.

"हमी माणूस बघून द्यायची असते," ते ईश्वरीला म्हणाले. "कागदावर नाव वडिलांचं असेल. पण मी ती तुझी देतो आहे. तेवढं तू लक्षात ठेव. तू एकटीनं ठेवलंस तरी चालेल."

तिनं पुन्हा कपाळ टेकलं. नयनाही वाकली, हातात अर्धं संत्रं तसंच घेऊन.

"काय म्हणाले? काय म्हणाले?"

"हो म्हणाले, बाबा."

हेमचंद्रानं कोतात्सुवरून पुढे होऊन कुवाबारा-सानचे दोन्ही हात पकडले आणि जोरजोरात हलवले. इथं असं कुणी करत नाही. त्यांनी करू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारची बस होती. कुवाबारा-सान आणि त्यांची बायको थांब्यावर उभे राहून वाकत राहिले. हेमचंद्रानं खिडकीची जागा घेतली आणि काचेतून आशीर्वाद दिल्यासारखा हात हलवला. ईश्वरी आणि नयना त्याच्या पुढच्या बाकावर होत्या, आम्ही दोघं त्याच्या बाजूला.

गाव मागे गेलं तसा तो माझ्याकडे वळला. "बघितलंत ना, वहिनी? तुम्ही उगाच घाबरलात. समोरासमोर बसून मनापासून बोललं, की जपानी माणूस विरघळतो. मी खांद्याला खांदा म्हटलं ना, तेव्हा त्यांचे डोळे बघितलेत? पाणी होतं. आय टच्ड हिम."

दोन वर्षं साठवलेलं सगळं माझ्या जिभेच्या टोकाशी आलं. पाणी कुणी आणलं होतं, रांग पाहून कोण परतलं होतं, काल कुणाच्या गादीवर कोण झोपलं होतं आणि शिक्का कुणाच्या नावानं मिळाला, हे सगळं त्या बसमध्ये उभी राहून त्याच्या तोंडावर मारावं, असं मला वाटलं. मी तोंड उघडलंसुद्धा.

पुढच्या बाकावरून ईश्वरी वळली. आधी तिनं माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती तिच्या बघण्यात. घरातलं मोठं माणूस पाहुण्यांसमोर पोरांना गप्प बसायला सांगतं, तशी ती पाहत होती. मी तोंड मिटलं. या माणसाला तुच्छ लेखून मी दर वेळी जिना उतरून माझ्या घरी जात होते. तिला त्याच्याच घरी जायचं होतं, उद्याही आणि परवाही. मला माझी लाज वाटली, आणि त्याचा राग दुप्पट झाला.

मग तिनं बापाकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही खूप छान बोललात."

त्यानं पुढे वाकून तिच्या डोक्यावर थोपटलं. "तूही बरं सांगितलंस. मध्येच एका ठिकाणी अडखळलीस, पण."

"हो," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नाही अडखळणार."